सीईटीचे मॉक ११५ वर अडकलेत, पुढे काय करावं?

मीठभाकरी | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लेक बारावी सायन्सला आहे, राज्य मंडळ, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). अकरावीपासून एका क्लासला जाते. तिथे दर रविवारी एमएचटी-सीईटीची, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेची, मॉक (सराव परीक्षा) असते. गेल्या पाच रविवारचे मार्क असे: ११२, ११८, १०९, ११५, ११५. २०० पैकी. पोरगी अभ्यास करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आकडा हलायला तयार नाही. रविवारी मॉक देते, संध्याकाळी मार्क बघते, थोडं रडते, झोपते, सोमवारी पुन्हा कॉलेज.

नवऱ्याचं म्हणणं, मार्चमध्ये एक क्रॅश कोर्स लावू, त्यांच्याकडे आणखी वीस मॉक मिळतात. माझं म्हणणं, ज्या मॉकने काही होत नाही त्या आणखी वीस देऊन काय होणार? पण मी बीए मराठी, त्यामुळे घरात माझ्या मताला ऑप्शनलचा दर्जा आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलांचे मार्क असे अडकून नंतर वाढले असतील तर नक्की काय केलं ते सांगा. "पॉझिटिव्ह राहा" सोडून.

---

टवाळ_गोसावी | १२ डिसेंबर, रात्री १०:५२

अडकलंय ना? दोन थेंब तेल सोडा.

(माझे बारावीला तेल, तूप सगळं सोडूनही अडकले होते. वाचतोय.)

---

कांदेनवमी | १२ डिसेंबर, रात्री ११:०५

११५ म्हणजे वाईट नाहीत हो ताई. पेपर अवघड असेल तर ११५ ला चांगले पर्सेंटाइल पडतात. आमच्या शेजारच्या मुलाला तेवढ्यातच बरं कॉलेज मिळालं.

---

सायली_सेकंडइयर | १२ डिसेंबर, रात्री ११:३१

हाय काकू. मी दोन वर्षांपूर्वी दिली, आता पुण्यात सेकंड इयरला आहे. माझंही असंच अडकलं होतं, १२० च्या आगेमागे.

एक विचारू? फिजिक्स-केमिस्ट्रीच्या ९० मिनिटांत ती आधी काय सोडवते? तो भाग एकत्र असतो, ५० फिजिक्स, ५० केमिस्ट्री. ९० मिनिटं संपली की तो बंद होतो आणि गणित उघडतं. मागे जाता येत नाही. मी आधी फिजिक्सने सुरू करायचे, कारण स्क्रीनवर तेच पहिलं दिसतं! एखाद्या रोटेशनच्या गणितात चार मिनिटं घालवायचे आणि केमिस्ट्रीला ३० मिनिटं उरायची. मग केमिस्ट्री आधी घ्यायला लागले. थिअरीचे प्रश्न वाचले की उत्तर दिसतं किंवा दिसत नाही, विचार करून काही उपयोग नसतो. ३५ मिनिटांत केमिस्ट्री उरकायची, ५५ मिनिटं फिजिक्सला. एवढ्या एका बदलाने माझे आठ-नऊ मार्क वाढले.

---

निवृत्तमास्तर | १३ डिसेंबर, सकाळी ६:१०

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं गणित शिकवलं. एकूण मार्क सांगून काही कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच सांगण्यासारखं आहे ते. शेवटच्या मॉकची फोड द्या. प्रत्येक विषयात बरोबर किती, चूक किती आणि कोरे किती. कोरे वेगळे मोजा.

---

टवाळ_गोसावी | १३ डिसेंबर, सकाळी ९:२०

मास्तर सकाळी सहाला ऑनलाइन. आमच्या काळी असे मास्तर असते तर आज मी टवाळ नसतो.

---

मीठभाकरी | १३ डिसेंबर, दुपारी ३:१५

सायली, थँक्यू. ती फिजिक्सनेच सुरुवात करते. विचारलं तर म्हणाली, "पहिलं तेच असतं ना."

सर, फोड काढली. आईने पेपर मागितला म्हणून आधी भांडण झालं, पण मिळाला.
फिजिक्स: २४ बरोबर, १५ चूक, ११ कोरे.
केमिस्ट्री: ३१ बरोबर, १९ चूक, कोरे नाहीत.
गणित: ३० बरोबर, ११ चूक, ९ कोरे.
गणिताचा प्रश्न दोन मार्कांचा, म्हणून २४ + ३१ + ६० = ११५.

---

गुणाकार_भागाकार | १३ डिसेंबर, दुपारी ३:४०

थांबा थांबा. ११ आणि ९ कोरे? का? सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही!

---

मीठभाकरी | १३ डिसेंबर, दुपारी ४:०२

हेच मी तिला विचारलं. उत्तर असं: क्लासमध्ये जेईईची (आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेची) बॅच आणि सीईटीची बॅच एकत्र आहे. जेईईला चूक उत्तराचा एक मार्क कापतात, म्हणून सरांनी अकरावीपासून बजावलंय, "खात्री नसेल तर हात लावायचा नाही." सीईटीला निगेटिव्ह नाही हे तिला माहीत आहे. पण हातच उठत नाही म्हणते.

---

निवृत्तमास्तर | १३ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

सापडलं. निदान एक तरी.

चार पर्याय असलेल्या प्रश्नात डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी चारात एक बरोबर येतो. फिजिक्सचे ११ कोरे म्हणजे पावणेतीन मार्क. गणिताचे ९ कोरे म्हणजे सव्वादोन प्रश्न, म्हणजे साडेचार मार्क. बेरीज सव्वासात. अभ्यासाचं एक पानही न उघडता तुमची मुलगी दर रविवारी सव्वासात मार्क परत देऊन येते. आणि ती डोळे मिटून थोडीच ठोकणार आहे? दोन पर्याय खोडता आले तर तेच दुप्पट.

---

सरळमार्गी | १३ डिसेंबर, रात्री ८:१०

माफ करा, पण मला हे पटत नाही. मूळ प्रश्न कामगिरी सुधारण्याचा आहे आणि आपण तुक्का कसा मारावा हे शिकवतोय. तुक्का सगळेच मारतात. पर्सेंटाइल असल्यामुळे सगळ्यांचे सव्वासात वाढले तर कुणाचंच काही वाढलं नाही.

---

गुणाकार_भागाकार | १३ डिसेंबर, रात्री ८:२५

सरळमार्गी, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे की. सगळे मारतात, म्हणूनच जो मारत नाही तो मागे पडतो. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी मार्क असलेले शंभरात किती. पीसीएमला चार लाखांवर मुलं बसतात. एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांची रांग उभी असते. त्या रांगेत सव्वासात मार्क दान करायचे आणि वर नैतिक समाधान मानायचं?

अवांतर: कांदेनवमी, "शेजारच्या मुलाला ११५ ला मिळालं" याला अर्थ नाही. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून तर पर्सेंटाइल काढतात.

---

कांदेनवमी | १३ डिसेंबर, रात्री ८:४१

बरं बाबा, शेजारचा मुलगा मागे घेते.

---

वऱ्हाडी_ठेचा | १३ डिसेंबर, रात्री ९:५५

आमच्या पुतन्याची गोष्ट सांगतो. वाशिम जिल्ह्यातलं खेडं, दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावीत एकदम सगळं इंग्रजीत. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर सीईटीला मराठीतून बी भेटते, पण गणित फक्त इंग्रजीत. आन् पोट्ट्याचं गणित चांगलं. तरी मार्क नाही. बाप म्हने क्लास बदला, मामा म्हने नागपूरला पाठवा.

मी एक दिवस त्याच्यापाशी बसलो आन् म्हटलं, प्रश्न मोठ्यानं वाच अन् मराठीत सांग काय इचारलं ते. बाप्पा! "विच ऑफ द फॉलोइंग इज नॉट ट्रू" मधला 'नॉट' त्याले दिसतच नव्हता. "अ‍ॅट लीस्ट टू" म्हनजे नेमके दोन, असा त्याचा समज. प्रोबॅबिलिटीचा अख्खा धडा त्याले येत होता, फक्त त्या दोन शब्दांपायी चुकत होता. अन् आम्ही काहून चुकते म्हनून त्याले नागपूरले धाडत होतो!

मंग एक वही केली. अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, नॉट, एक्सेप्ट, इनकरेक्ट, रिस्पेक्टिव्हली, असे पंचवीस-तीस शब्द. रोज त्याच शब्दांवरचे पाच प्रश्न. प्रश्नात 'नॉट' दिसला का कच्च्या कागदावर मोठा फुलीचा गोल काढाचा. दीड महिन्यात लेकाचं गणित सुधरलं. गणित शिकवलंच नाही त्याले.

---

मीठभाकरी | १३ डिसेंबर, रात्री १०:२०

वऱ्हाडीदादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमची इंग्रजी माध्यमाची आहे, पण 'नॉट' तिलाही दिसत नसेल असा संशय येतोय.

---

एडिसनकर | १४ डिसेंबर, पहाटे ४:४८

न्यू जर्सीतून. इकडे मुलाची एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) चालू आहे. २०२४ पासून इथेही सगळं कॉम्प्युटरवर. १६०० पैकी. गंमत म्हणजे पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्या भागात सोपे प्रश्न यायचे की अवघड, ते ठरतं. निगेटिव्ह मार्किंग २०१६ पासून इथेही नाही. मुलं दोन-तीनदा परीक्षा देतात आणि बरीच कॉलेजं सगळ्यात चांगला स्कोअर धरतात. त्यामुळे इथला ताण वेगळा. तुमच्याकडची मुलं महान आहेत.

---

टवाळ_गोसावी | १४ डिसेंबर, सकाळी ९:०२

दोन-तीनदा देऊन त्यातला चांगला धरायचा? लग्नाच्या बाबतीत चालू आहे का ही योजना तिकडे?

---

मानसरंजन | १४ डिसेंबर, सकाळी ११:३०

माझा विषय मानसशास्त्र, म्हणून मॉकबद्दल थोडं. मीठभाकरींचा मूळ प्रश्न "आणखी मॉक द्यायच्या का" असा आहे.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी २००६ साली एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून जे आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. यातली गोम अशी की पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. आपली मुलं पाठ्यपुस्तकाला तीन रंगांचे हायलायटर फासतात तेव्हा त्यांना हेच सुख मिळत असतं.

म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं उपयोगीच. पण तीन तासांची पूर्ण मॉक हा त्यातला सगळ्यात महागडा प्रकार. रोज पुस्तक मिटून पंधरा प्रश्न, तेही तीन दिवसांपूर्वी झालेल्या धड्यावर. ते जास्त फळतं.

आणखी एक. "पहिलं उत्तर बदलू नये" असं सगळ्याच क्लासात सांगतात. २००५ साली क्रुगर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली. चुकीचं बदलून बरोबर केलेली उत्तरं जास्त निघाली, बरोबरचं बदलून चूक केलेली कमी. पण बरोबर उत्तर आपल्या हाताने चुकवलं की ते जन्मभर सलतं, आणि चुकीचं सुधारलेलं आपण विसरून जातो. म्हणून हा समज टिकून आहे.

---

सरळमार्गी | १४ डिसेंबर, दुपारी १२:१५

खाडाखोडीचं पटलं नाही. मी स्वतः बँकेच्या परीक्षेत तीन बरोबर उत्तरं बदलून चुकवली होती. १९९४ साली. अजून आठवतात.

---

मानसरंजन | १४ डिसेंबर, दुपारी १२:१९

सरळमार्गी 🙂 आणि बदलून बरोबर आलेली किती?

---

सरळमार्गी | १४ डिसेंबर, दुपारी १२:४०

ती मोजली नाहीत.

...

बरं, आलं लक्षात.

---

फी_भरून_थकलेला | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

क्रॅश कोर्सबद्दल माझा अनुभव लिहितो, क्लासचं नाव लिहीत नाही. थोरल्याच्या वेळी मार्च-एप्रिलचा कोर्स लावला. जाहिरातीत "४० दिवसांत ४० मार्क वाढवा". आठवड्याला चार मॉक. पोरगं सकाळी मॉक द्यायचं, दुपारी त्याच मॉकच्या उत्तरांचा तास, तोही दीडशे मुलांत. सर फळ्यावर सगळे प्रश्न भराभरा सोडवायचे. ज्याचं जे चुकलं ते त्याला तिथे विचारता यायचं नाही. संध्याकाळी दमून भागून घरी. स्वतःच्या चुकांकडे बघायला वेळच नाही. शेवटी सुरुवातीला जेवढे पडत होते त्याच्यापेक्षा चार मार्क कमी पडले.

धाकटीच्या वेळी घरीच ठेवली. जुने पेपर, पंधरवड्याला तीन मॉक. तिला जास्त पडले. आता ती मुळातच जास्त हुशार आहे असं थोरला म्हणतो, त्यामुळे हा पुरावा धरू नका.

---

निवृत्तमास्तर | १५ डिसेंबर, सकाळी ५:५५

मानसरंजन यांनी लिहिलं ते मी आयुष्यभर वर्गात पाहिलं, फक्त मला त्या संशोधकांची नावं माहीत नव्हती.

ताई, आता कामाचं सांगतो. वेळ काढून लिहितो आहे, टवाळांनी मध्ये पचकू नये.

मुलीला एक दोनशे पानी वही द्या. तिचं नाव चूक-वही. मॉक झाली की त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी, डोकं शांत झाल्यावर, चुकलेला आणि कोरा राहिलेला प्रत्येक प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडवायचा. घड्याळ न लावता. आता जमला का? जमला, तर तो प्रश्न तिला येत होता. मग परीक्षेत का गेला ते एका ओळीत लिहायचं. चिन्ह चुकलं, 'नॉट' वाचला नाही, पर्याय ब बरोबर काढून क वर टिचकी मारली, काय असेल ते. "सिली मिस्टेक" असं लिहायला बंदी. सिली मिस्टेक नावाचा कुठलाही आजार वैद्यकशास्त्रात नाही. आणि घड्याळ नसतानाही जमला नाही, तर तो धडाच कच्चा. त्या धड्याकडे परत जायचं. या दोन ढिगांवरचे उपाय निरनिराळे आहेत आणि मुलं दोन्हीवर एकच उपाय करतात, तो म्हणजे पुढची मॉक.

तिसरा एक ढीग असतो, तो बोर्डाच्या चांगल्या मुलांत हमखास सापडतो. उत्तर बरोबर, पण चार मिनिटं लागली. हे मार्कांत दिसत नाही, म्हणून कुणी बघत नाही. गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीला तर ५४. आणि आम्हीच त्यांना दोन वर्षं शिकवलेलं असतं की सूत्र लिहा, किंमती घाला, पायरी पायरीने जा, पायरीला गुण आहेत. सीईटीत पायरी कुणी बघत नाही.

उदाहरण देतो. शून्य ते पाय बाय टू या मर्यादेत साइन भागिले साइन अधिक कॉस, याचं इंटिग्रल. बोर्डाच्या पद्धतीने अर्धं पान. ज्याला गुणधर्म कळला आहे तो पाय बाय फोर लिहून पुढे जातो. साइन आणि कॉसवर कितीही सारखा घात चढवा, उत्तर तेच. किंवा मॅट्रिक्सचा इन्व्हर्स विचारला आहे आणि चार पर्याय समोर आहेत. इन्व्हर्स काढता कशाला? पर्यायातला मॅट्रिक्स मूळच्याशी गुणा. पहिल्या ओळीचा गुणाकार १, ० आला नाही की तो पर्याय बाद. डिफरन्शियल इक्वेशन सोडवण्यापेक्षा पर्यायाचं डेरिव्हेटिव्ह घेऊन परत घालून बघणं सोपं. बोर्डात असं केलं असतं तर मीच शून्य दिलं असतं, ही गोष्ट वेगळी.

गणितात ५० पैकी १० प्रश्न अकरावीचे आणि ४० बारावीचे. अकरावीचेही ठरावीक धडेच. लॉजिक, मॅट्रिक्स, लिनिअर प्रोग्रामिंग, बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन हे धडे मुलं सोपे म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि तो आठवडा कधी येत नाही. तिचे ९ कोरे कोणत्या धड्यांतले आहेत ते बघा. मी पैज लावतो, दोन तरी यातले निघतील.

---

टवाळ_गोसावी | १५ डिसेंबर, सकाळी ९:१०

पचकत नाही. वही आणायला चाललोय.

---

सायली_सेकंडइयर | १५ डिसेंबर, सकाळी १०:४४

सरांना +१००. त्यात थोडी भर. ती घरी कागदावर सराव करत असेल तर आठवड्यातून दोनदा तरी स्क्रीनवर करू दे. परीक्षेत प्रश्न स्क्रीनवर आणि आकडेमोड कागदावर, नजर सतत वर-खाली. माझ्या पहिल्या स्क्रीनवरच्या मॉकमध्ये मी पाचवा प्रश्न सोडवून त्याचं उत्तर सहाव्याला टिक केलं होतं. कच्च्या कागदावर प्रश्नाचा नंबर लिहून मगच आकडेमोड करायची सवय लावा. कॅल्क्युलेटर नसतोच, म्हणून वर्गमूळं, पाय वर्ग साधारण १० धरणं, असले अंदाज हाताशी पाहिजेत.

आणि केमिस्ट्रीला बालभारतीचं पुस्तक!! बाहेरचे जाडे ठोकळे नकोत. वाक्य न वाक्य तिथलं असतं. पॉलिमर, ग्रीन केमिस्ट्री, सोळा-सतरा-अठरा गटांची मूलद्रव्यं.

---

नाद_नाय_करायचा | १५ डिसेंबर, दुपारी १:२०

भावांनो, सगळे सीईटी सीईटी करताय, बोर्ड फेब्रुवारीत आहे हे कुणाच्या ध्यानात आहे का? आमच्या कोल्हापुरात माझ्या मित्राच्या पोराला सीईटीला ९७ पर्सेंटाइल आले आणि बोर्डात पीसीएमला ४५ टक्के भरले नाहीत. ओपनला ४५ लागतात, राखीवला ४०. बसला घरी. आणि जेईईवर एनआयटी-आयआयटीचं स्वप्न असलं तर ७५ टक्क्यांची अट वेगळीच.

---

मीठभाकरी | १५ डिसेंबर, दुपारी २:०५

ते ठीक आहे हो, बोर्डात ती ऐंशीच्या खाली जाणार नाही. पण मुद्दा घेतला. जानेवारीपासून मॉक पंधरवड्याला एकच. क्लासच्या सरांना मी फोन केला, "मॅडम सगळ्यांना दर रविवारी कंपल्सरी आहे" म्हणाले. त्यांना तिचा चुलत भाऊ दर दुसऱ्या रविवारी साखरपुडा करतो असं सांगणार आहे.

---

टवाळ_गोसावी | १५ डिसेंबर, दुपारी २:११

चुलत भाऊ एडिसनला राहतो का?

---

मीठभाकरी | १९ जानेवारी, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. चूक-वही सुरू करून महिना झाला. पहिल्या मॉकचे कोरे धरून ६५ प्रश्न होते: फिजिक्स २६, केमिस्ट्री १९, गणित २०. ते पुन्हा सोडवायला तिला चार दिवस लागले. घड्याळ नसताना त्यातले २७ तिला आले! सत्तावीस. हे मी तिला म्हटलं नाही, तीच वहीवर आकडा लिहून बराच वेळ बघत बसली.

मास्तरांची पैज: कोऱ्या ९ पैकी ३ लिनिअर प्रोग्रामिंग आणि लॉजिकचे. सर, तुम्ही जिंकलात, पण पैज कशाची होती ते ठरलं नव्हतं.

'नॉट'चे चार होते. वऱ्हाडीदादा, नमस्कार घ्या.

केमिस्ट्री मात्र जागची हलत नाही. तिथे घड्याळ लावा, काढा, येत नाही ते येत नाही. पाठच नाही. रोज रात्री जेवताना मी पुस्तक घेऊन प्रश्न विचारते. कोऑर्डिनेशन कंपाउंडची नावं उच्चारताना माझी जी त्रेधा उडते त्याने तिला ती नावं लक्षात राहायला लागली आहेत.

कालची मॉक १२६.

---

निवृत्तमास्तर | २० जानेवारी, सकाळी ६:०२

पैज चहाची. १२६ वर खूश होऊ नका, पुढच्या वेळी ११९ येतील, तेव्हा रडूही नका. पेपर बदलतो तसे पाच-सात मार्क इकडेतिकडे होतातच. वहीतली तीच चूक दुसऱ्यांदा आली का, एवढंच बघा.

---

फी_भरून_थकलेला | २० जानेवारी, सकाळी १०:१५

क्रॅश कोर्सचं काय झालं?

---

मीठभाकरी | २० जानेवारी, सकाळी १०:३०

घरात ऑप्शनल विषयाला पहिल्यांदाच पैकीच्या पैकी पडले. कोर्स रद्द.

---

कांदेनवमी | ३ एप्रिल, रात्री ८:००

ताई, बोर्ड संपली ना? काय चाललंय?

---

मीठभाकरी | ४ एप्रिल, सकाळी ७:४५

संपली. मॉक १३१, ११९ (मास्तर!!), १३४, १३६. ११९ च्या दिवशी ताप होता. सत्र दुपारचं आलंय, केंद्र घरापासून २६ किलोमीटर. ती एरवी जेवून दुपारी झोपते, म्हणून आठवडाभर मॉक दुपारी दोनलाच देतेय, हलकं जेवून. पहिल्या दिवशी गणिताच्या मध्यावर डोळा लागला होता.

---

वऱ्हाडी_ठेचा | ४ एप्रिल, दुपारी १२:३०

दुपारी दोन वाजता एप्रिलात आमच्या इकडं भूत बी झोपते. पोरीले ताक पाजा.

---

मीठभाकरी | १७ जून, रात्री १०:१०

निकाल लागला. ९५.८ पर्सेंटाइल. फिजिक्स अजून कच्चंच राहिलं. केमिस्ट्रीने वाचवलं, जी माझ्या उच्चारांवर शिकली गेली.

तिला विचारलं, नक्की कशाने फरक पडला? म्हणाली, केमिस्ट्री आधी घेतल्याने आणि एकही प्रश्न कोरा न ठेवल्याने. शेवटची तीन मिनिटं फिजिक्सचे उरलेले सात प्रश्न तिने पर्याय खोडून खोडून भरले. चूक-वहीबद्दल विचारलं तर म्हणे, "ती तू करायला लावलीस म्हणून केली." वही मात्र रद्दीत टाकू देत नाही.

सगळ्यांचे आभार. मास्तर, चहाला कधी येताय?

---

निवृत्तमास्तर | १८ जून, सकाळी ५:५८

अभिनंदन. येतो. साखर कमी.

---

सरळमार्गी | १८ जून, सकाळी ९:४०

अभिनंदन. त्या सातांपैकी किती बरोबर आले?

---

मीठभाकरी | १८ जून, सकाळी ९:५२

तीन.

आता कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं कुठल्या क्रमाने भरायची? नवरा म्हणतो मिळण्यासारखी आधी टाकू.

---

गुणाकार_भागाकार | १८ जून, सकाळी १०:०१

नाही नाही नाही! जे सगळ्यात जास्त हवंय ते पहिलं. मिळण्यासारखं पहिलं टाकलंत तर तेच मिळेल आणि वरचं हातचं जाईल. यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

---

नवीन_पालक_२ | १८ जून, सकाळी ११:२०

नमस्कार, धागा छान. वेळेअभावी सगळा वाचला नाही. मुलगा बारावीत गेलाय, मॉकचे मार्क वाढत नाहीयेत. कुठला क्लास लावावा?

---

टवाळ_गोसावी | १८ जून, सकाळी ११:२२

दोनशे पानी. रेघांची.